केमोचं कॅलेंडर: २१ दिवसांचा त्रास डॉक्टरांना कसा सांगावा

डॉक्टरांनी विचारलं, "कशा आहात?" मावशी म्हणाली, "बरी आहे." आधीच्या आठवड्यात चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि फोडणीच्या वासानेही मळमळत होतं. पण त्या खुर्चीत बसलं की सगळं विसरायला होतं, त्यात मागे रांग असते. स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या केमोपासून आम्ही लिहायला लागलो.

कुठे लिहायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नवी वही चार दिवसांत कपाटात जाते. दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख जिथे लिहितो, तिथेच केमोच्या तारखेला मोठा १ टाका आणि पुढे २१ पर्यंत आकडे. सायकल, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, १४ दिवसांची किंवा आठवड्याची असेल तर तेवढेच.

काय लिहायचं? मळमळ, थकवा, दुखणं, झोपेचा त्रास, तोंड येणं. प्रत्येकाला ० ते १० मधला एक आकडा: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होईना. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९१ साली आलेली मापनपट्टी अशीच आहे. शौचाला झालं की नाही, तेही लिहा. आकडा मात्र पेशंटनेच सांगायचा. मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघून ४ लिहायचे, ती म्हणायची, "७ कर."

आकड्याशेजारी एक काम लिहा. "कुकर लावला", "जिना चढताना दोनदा थांबले", "आंघोळ करून परत झोपले". थकवा ६ म्हणजे किती, ते यातून कळतं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असेल तर ब्लाउजचे हूक लावता येतात का, हे आवर्जून लिहा. बोटांना मुंग्या आणि बधिरपणा हा या औषधाचा नेहमीचा त्रास. तो वेळीच कळला तर डॉक्टर डोस कमी करू शकतात. उशीर झाला तर बधिरपणा लवकर जात नाही.

दोन सायकली झाल्या की कॅलेंडर वाचा. डॉक्सोरुबिसिनच्या लाल औषधानंतर एकदोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. मळमळ बहुधा पहिल्या पाच दिवसांत. साधारण ७ ते १४ या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा गर्दीत जाणं टाळा. लग्न, हळदीकुंकू, पाहुणे सगळं तिसऱ्या आठवड्यात ठेवा. झोप उडवणारं कधीकधी केमोसोबत दिलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं (सकाळी घेतलं तर चालेल का, विचारा), आणि उलटीवरच्या ऑन्डानसेट्रॉनने शौचाला घट्ट होतं. म्हणजे सगळाच त्रास मुकाट्याने सोसायचा नसतो. काही त्रास गोळीची वेळ बदलून किंवा साध्या रेचकाने कमी होतो.

काही गोष्टी कॅलेंडरवर लिहून थांबायचं नाही. ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा. परस्पर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग वाढत राहतो. धाप लागली, रक्त थांबेना, पाणीही पोटात ठरेना किंवा सलाइनची जागा लाल होऊन सुजली, तरीही लगेच फोन.

डॉक्टरांपुढे कॅलेंडरच्या पानाचा फोटो धरा आणि सर्वांत मोठे तीन आकडे आधी सांगा. हा नुसता दिलासा नाही. अमेरिकेतल्या ७६६ पेशंटच्या एका अभ्यासात (२०१७) काही जण संगणकावर नियमित त्रास कळवत होते आणि गंभीर त्रासाची सूचना नर्सला जात होती. नेहमीच्या पद्धतीने तपासल्या जाणाऱ्यांपेक्षा हे पेशंट, मधल्या पेशंटचा आकडा (मध्यक) धरला तर, सुमारे पाच महिने जास्त जगले. ते सगळे पसरलेल्या कॅन्सरचे होते, त्यात स्तनाचा कॅन्सर असलेल्याही होत्या.

शेवटची केमो झाली तरी कॅलेंडरवर हूकची ओळ आणखी काही महिने चालू ठेवा. बोटांचा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही आठवडे वाढू शकतो.