विसरभोळेपणा वाढलेल्या आईवडिलांसाठी फोन निवडताना

स्मृतिभ्रंशात नवं शिकणं आधी अवघड होतं. वर्षानुवर्षं हाताला लागलेल्या सवयी बऱ्याचदा जास्त काळ टिकतात. म्हणून बाबांनी आयुष्यभर बटणांचा फोन वापरला असेल, तर त्यांना टचस्क्रीन देऊ नका, ती कितीही सोपी वाटली तरी. जुन्या फोनसारखाच दिसणारा, ठळक आकड्यांचा फोन शोधा. आणि बदल करायचाच असेल तर आत्ताच करा, त्रास वाढायची वाट पाहू नका.

नंबर आठवत नसले तरी चेहरे ओळखू येत असतील, तर फोटो लावता येणारी बटणं असलेला फोन उत्तम. फोटो मात्र त्यांच्या ओळखीचा हवा. नातवाचा कालचा फोटो कदाचित परका वाटेल. तीन-चार माणसं पुरेत.

चार्जिंगचा विचार बहुतेक जण करतच नाहीत, आणि फोन बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा नेमकं तेच असतं. बारीक पिन खुपसण्यापेक्षा नुसता ठेवला की चार्ज होणारा स्टँड घ्या, तो कायम एकाच जागी ठेवा. सिमचा पिन कोड आणि स्क्रीन लॉक काढून टाका. अनोळखी नंबर रोखण्याची सोय हवीच. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विसरणाऱ्या माणसाला फसवणं फार सोपं असतं.

खरेदीपूर्वी फोन फोर-जीवर कॉल करू शकतो ना, हे तपासा. अनेक देशांत जुनी नेटवर्क बंद होत आहेत. आपत्कालीन बटण असेल तर ते दाबून एकदा स्वतः पाहा, कॉल नक्की कुणाला जातो ते.