ऑफिस फाइलमधल्या लिंकवर क्लिक केल्यावर पुन्हा लॉगिन का मागितले जाते, आणि त्यावर काय करावे

लातूर जिल्ह्याच्या दहाही तालुक्यांची नावे एका एक्सेल शीटमध्ये आहेत आणि प्रत्येक नावासमोर पोर्टलवरील त्या तालुक्याच्या अहवालाची लिंक दिलेली आहे, असे समजा. शीट वापरणाऱ्याने सकाळीच पोर्टलवर लॉगिन केलेले असते आणि ब्राउझरच्या टॅबमध्ये ते व्यवस्थित चालूही असते. तरीही शीटमधील औसा किंवा उदगीरच्या लिंकवर क्लिक केले की अहवालाऐवजी लॉगिनचे पान समोर येते. मराठवाड्यातील तालुक्याच्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या ऑफिसांत याचे खापर सहसा नेटवर किंवा पासवर्डवर फोडले जाते. मग कोणीतरी पासवर्ड बदलून घेतो, तर कोणी सोय म्हणून तो शीटच्याच एका कोपऱ्यात लिहून ठेवतो. हे दुसरे तर कधीच करू नये, कारण ती शीट पुढे किती जणांच्या मेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर जाईल याचा नेम नसतो. शिवाय अशा वेळी सेशन, म्हणजे लॉगिन केल्यापासून पोर्टल आपल्याला ओळखत असते तो काळ, बहुधा शाबूत असते. चूक दुसरीकडेच असते आणि ती शोधता येते.

सर्वप्रथम ती लिंक कॉपी करून, ज्या ब्राउझरमध्ये लॉगिन केले आहे त्याच्याच ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करावी. अहवाल उघडला तर सेशन ठीक आहे आणि दोष क्लिकच्या वाटेत आहे. तसे करूनही लॉगिनच मागितले गेले, तर सेशन खरोखर संपलेले असते किंवा लिंकच चुकीची असते. दिवे गेले, संगणक बंद पडला आणि ब्राउझर नव्याने उघडला, तर केवळ ब्राउझर चालू असेपर्यंत टिकणारी सेशन कुकी, म्हणजे लॉगिनची ओळख म्हणून ब्राउझर प्रत्येक वेळी पोर्टलला दाखवतो ती छोटी नोंद, बहुधा निघून गेलेली असते. तेव्हा पुन्हा लॉगिन करण्यावाचून गत्यंतर नाही. लिंक नीट वाचूनही पाहावी. ती 'एचटीटीपी'ने सुरू होते आणि पोर्टल 'एचटीटीपीएस'वर चालते, किंवा लिंकमध्ये सुरुवातीचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे आणि लॉगिन मात्र त्याविना केले आहे, एवढ्या फरकानेही कधी कधी कुकी पाठवली जात नाही. लिंकमध्ये सेशनचा लांबलचक क्रमांक चिकटलेला असेल, तर ती कोणीतरी लॉगिन केल्यानंतर ॲड्रेस बारमधून उचललेली असते. तो क्रमांक काढून टाकावा.

त्यानंतर, क्लिक केल्यावर पान नेमके कोणत्या ब्राउझरमध्ये उघडले ते पाहावे. लॉगिन क्रोममध्ये आणि डीफॉल्ट ब्राउझर एज, हा प्रकार फार आढळतो. एका ब्राउझरची कुकी दुसऱ्याला मिळत नाही, त्यामुळे विंडोजच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ब्राउझर बदलला की काम होते. एकाच संगणकावर दोघे-तिघे पाळीपाळीने बसत असतील आणि क्रोममध्ये प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल असेल, तर बाहेरून आलेली लिंक सर्वांत शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. म्हणून आधी आपल्या प्रोफाइलची खिडकी समोर आणावी आणि मगच शीटमध्ये क्लिक करावे.

ब्राउझर तोच, प्रोफाइल तेच, पेस्ट केलेली लिंकही उघडते आणि क्लिक मात्र लॉगिनवर नेते, अशी स्थिती असेल तर मूळ कारण बहुधा मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्याच कार्यपद्धतीत असते. विंडोजवरील वर्ड, एक्सेल किंवा पॉवरपॉइंटमध्ये लिंकवर क्लिक केल्यावर ती थेट ब्राउझरकडे जात नाही. त्या पत्त्यावर ऑफिसमध्येच उघडता येईल अशी फाइल आहे का, हे पाहण्यासाठी ऑफिस आधी स्वतः सर्व्हरकडे विचारणा करते. या विचारणेसोबत आपल्या ब्राउझरमधील सेशन कुकी नसते, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने हा कोणी अनोळखी असतो आणि तो त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवतो. ऑफिस त्या वळणावरून शेवटपर्यंत जाते आणि मूळ पत्त्याऐवजी जिथे पोहोचले तोच पत्ता ब्राउझरच्या हाती देते. ब्राउझरने मूळ अहवाल मागितलेलाच नसतो, म्हणून त्याच्याकडे कुकी असूनही उपयोग होत नाही.

याची खात्री करणे सोपे आहे. तीच शीट पीडीएफ म्हणून सेव्ह करावी आणि पीडीएफमधील लिंकवर क्लिक करावे. किंवा ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून कंट्रोल दाबून क्लिक करावे. तिथून अहवाल सरळ उघडला आणि एक्सेलमधून उघडला नाही, तर कारण हेच समजावे.

आपल्या संगणकापुरता उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग साठवते त्या नोंदवहीत आहे, मात्र त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात आणि बदलापूर्वी रजिस्ट्रीचा बॅकअप घेणे आवश्यक आहे. लोकल मशीनच्या (HKEY_LOCAL_MACHINE) शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, ९.०, कॉमन, इंटरनेट या क्रमाने जावे. वाटेतील एखादी की (रजिस्ट्रीतील फोल्डर) नसेल तर तयार करावी. तेथे 'फोर्सशेलएक्झिक्यूट' (ForceShellExecute) नावाची डीवर्ड (DWORD) प्रकारची व्हॅल्यू, म्हणजे आकडा साठवणारी नोंद, तयार करून तिची किंमत १ ठेवावी. ही सर्व नावे अर्थात रोमन लिपीत टंकित करायची असून व्हॅल्यूचे नाव सलग, मध्ये जागा न सोडता लिहायचे आहे. ऑफिसची आवृत्ती कितीही नवी असली तरी इथे ९.० हाच आकडा राहतो. तो बदलून १६.० केल्यामुळे उपाय लागू न पडल्याचे अनेकदा दिसते. विंडोज ६४ बिट आणि ऑफिस ३२ बिट असेल, तर हीच वाट सॉफ्टवेअरखालील 'वाव ६४३२ नोड' (Wow6432Node) या शाखेतून धरावी लागते. त्यानंतर ऑफिसचे सर्व प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावेत. आता लिंक थेट ब्राउझरकडे जाते. त्याची दुसरी बाजू अशी की, सर्व्हरवरील वर्ड-एक्सेल फाइलींच्या लिंकही आधी ब्राउझरमध्येच जातील.

तथापि जिल्ह्यातील प्रत्येक टेबलावर जाऊन रजिस्ट्री बदलत बसणे मला योग्य वाटत नाही. पोर्टल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ते एकदा सर्व्हरवर दुरुस्त करावे, हाच खरा उपाय आहे. ऑफिसकडून येणारी विनंती तिच्या युजर एजंटवरून, म्हणजे विनंती करणारा प्रोग्राम सांगतो त्या स्वतःच्या नावावरून, ओळखता येते. तेथे नेमके कोणते नाव येते ते सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहून घ्यावे. अशा विनंतीला लॉगिनकडे न वळवता २०० या ('सर्व ठीक' अशा अर्थाच्या) स्टेटसने एक साधे, माहितीविरहित पान द्यावे आणि त्यात तोच पत्ता आपोआप पुन्हा उघडणारी मेटा रिफ्रेश ही सूचना ठेवावी. वळण न मिळाल्याने ऑफिस मूळ पत्ताच ब्राउझरला देते आणि ब्राउझर आपल्या कुकीसह अहवाल मागतो. युजर एजंट कोणालाही नकली देता येतो, म्हणून त्या पानात अहवालातील एक अक्षरही नसावे.

लॉगिनच्या पानानेही आलेल्या व्यक्तीचे सेशन आधीच चालू आहे का हे तपासावे आणि असल्यास तिला मुळात मागितलेल्या पत्त्यावर पाठवून द्यावे. जिथे लॉगिन दुसऱ्या सामायिक सर्व्हरवर होते, तिथे मात्र एवढ्याने भागत नाही, कारण पडताळणीचा सांकेतिक क्रमांक ऑफिसच्या विनंतीला दिलेला असतो आणि ब्राउझर तो घेऊन परतल्यावर क्रमांक जुळत नसल्याची त्रुटी दिसते. एकदाच चालणाऱ्या लिंकबाबत अधिक सावध असावे. ऑफिसच्या आधीच्या विचारणेतच ती वापरली जाऊन वापरणाऱ्याच्या हाती कालबाह्य लिंक पडू शकते. अशा लिंकवर आधी 'पुढे जा' असे बटण असलेले पान दाखवावे आणि बटण दाबल्यावरच ती खर्ची टाकावी.

दस्तऐवज ब्राउझरमध्येच, म्हणजे गुगल डॉक्स किंवा ऑनलाइन वर्डमध्ये उघडलेला असेल, तर वरील कारण लागू होत नाही. तेथे क्लिक एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाते, आणि पोर्टलच्या कुकीचा सेमसाइट गुणधर्म (दुसऱ्या संकेतस्थळावरून येताना कुकी पाठवायची की नाही हे ठरवणारा) 'स्ट्रिक्ट' म्हणजे कडक असेल तर ब्राउझर ती पहिल्या विनंतीसोबत पाठवत नाही. पत्ता स्वतः पेस्ट केला की पान उघडते, ही त्याची खूण आहे. सेशनच्या कुकीला 'लॅक्स' म्हणजे सैल ठेवल्यास हा अडथळा दूर होतो. क्रोमने २०२० पासून, काहीही न नमूद केलेल्या कुकीला 'लॅक्स' मानण्यास सुरुवात केली आहे. माहिती बदलण्याच्या कामांसाठी वेगळी 'स्ट्रिक्ट' कुकी ठेवता येते. पोर्टल चालवणाऱ्यांकडे तक्रार करताना, लिंक कोणत्या प्रोग्राममधून उघडली, पीडीएफमधून काय झाले आणि पेस्ट केल्यावर काय झाले, ही तीन निरीक्षणे लिहून द्यावीत. तेवढ्यावरून त्यांना कुकी तपासायची की वळण, हे ठरवता येते.