कोय कलम बांधायचंय? आधी काडीची पानं छाटा

घरच्या 25-30 हापूस कलमांसाठी ही तयारी आहे. कोय कलम म्हणजे रायवळ (गावठी) आंब्याच्या कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या खुंटावर हापूसची काडी बांधणं. गेल्या पावसाळ्यात बाकी सगळं वेळेवर झालं, एकच गोष्ट राहिली आणि 25 मधली चार जगली. म्हणून सगळ्यात आधी तीच: ज्या काड्या कापायच्या त्यांची पानं कापणीच्या आठ ते दहा दिवस आधी, काडी झाडावर असतानाच, छाटायची. काडी आणायला झाडाकडे एकदा नाही, दोनदा जायचं असतं. झाड शेजाऱ्यांचं किंवा मामाच्या गावचं असेल तर दोन्ही फेऱ्या आत्ताच ठरवून टाका.

वेळेचा हिशेब असा. मृगाच्या आसपास कोयी लावल्या तर दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात, म्हणजे आर्द्रा लागते. कोंब वर आल्यापासून दहा-पंधरा दिवसांचा असताना खुंट बांधायला योग्य, म्हणजे पुनर्वसू. आता उलटं मोजा: पिशव्यांत कोंब दिसू लागले की दोन-तीन दिवसांत हापूसकडे जाऊन पानं छाटायची. नक्षत्र चुकलं तरी चालेल, पाऊस पुढेमागे होतो. कोंब बघा आणि कात्री घेऊन निघा.

कोयी रायवळाच्या, ताज्या, पिकून पडलेल्या फळांच्या. गर धुऊन सावलीत सुकवा आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत लावा, महिना उलटला की उगवण ढासळते. पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. आत भुंगा तरी असतो नाहीतर दळ (आतला गाभा) पोकळ. कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम या द्रावणात पाच मिनिटं बुडवून लावल्या की बुरशीची कटकट कमी. गादीवाफा रोपवाटिकावाल्यांना ठीक, घरी थेट पिशवीत लावा. पिशवी 6 बाय 8 इंची, बुडाला भोकं, दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण नको. कोयीची फुगीर कड वर ठेवायची, नाहीतर कोंब वळसा घेऊन येतो आणि खुंट मुळाशीच वाकडा. 25 कलमं हवी असतील तर पिशव्या 40 भरा.

काही जण कोयीचं कठीण कवच कात्रीने काढून आतला दळ लावतात. उगवण लवकर होते, भुंगाही दिसतो. पण मग पानं छाटायची तारीखही अलीकडे येते. हे लक्षात नसेल तर कवच राहू द्या.

आता काडी. झाड दरवर्षी धरणारं, रोगट नसलेलं. नुसता हापूसच हवा असा हट्ट नसेल तर रत्नाचा विचार करा: 1981 साली आलेला नीलम आणि हापूसचा संकर, हापूससारखा वर्षाआड रुसत नाही आणि आत साका (गरातला पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग) होत नाही. चव हापूसची नाही, ते मान्य. फांदी शेंड्याची, तीन-चार महिन्यांची, मोहोर न आलेली, पानं गडद हिरवी झालेली. तांबूस पालवीची काडी लुसलुशीत असते, ती कुजते. शेंड्याला अळीने पोखरलेलं भोक असेल तर सोडा. जाडी खुंटाएवढी. इथे सगळे फसतात, कारण जाड काडी दमदार वाटते. पण कोयीचा खुंट नाजूक असतो, त्यावर अंगठ्याएवढी काडी बसत नाही.

शेंड्याकडच्या 15 सें.मी. भागातली सगळी पानं कात्रीने कापा, प्रत्येकाचा सेंटिमीटरभर देठ ठेवा. हाताने ओरबाडलं तर देठाबरोबर साल निघते आणि बगलेतला डोळा, म्हणजे फुटीची कळी, जाते. शेंड्याचा डोळा कापायचा नाही. छाटलेल्या प्रत्येक फांदीला लाल चिंधी बांधा. दहा दिवसांनी त्या गर्दीत ती सापडत नाही आणि मग माणूस समोर दिसेल ती पानांची काडी कापून आणतो. चाळीसएक फांद्या छाटा, सगळ्या उपयोगी पडत नाहीत.

हे का करायचं? पानं गेली की काडीतला साठा शेंड्याच्या डोळ्याकडे वळतो आणि डोळा फुगतो. आठ-दहा दिवसांनी देठाला बोट लावलं की तो आपोआप गळतो, डोळा टपोरा दिसतो, पण उघडलेला नसतो. ती काडी तयार. डोळा उघडून हिरवं टोक बाहेर आलं असेल तर उशीर झाला. पानं न छाटता त्याच दिवशी कापून आणलेली काडी बांधली तर ती महिनाभर हिरवी दिसते, आपण खूश असतो आणि ती काही केल्या फुटत नाही. साठा संपतो, काळी पडते. शिवाय ताजे कापलेले देठ, बांधल्यावर कलमावर चढवतात त्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या दमटपणात कुजतात आणि बुरशी थेट डोळ्यावर येते.

जुन्या माणसांना विचाराल तर ती हे सांगणार नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी भेट कलमं बांधली, म्हणजे काडी न तोडता जोडलेली. त्यात खुंटाची कुंडीच झाडाजवळ नेत, काडी जोड होईपर्यंत आईच्या झाडावरच असे, तिला उपाशी राहायची वेळच येत नसे. कोय कलमात काडी तोडून आणता, म्हणून शिदोरी आधीच भरून घ्यावी लागते.

सामान: नवी दाढीची ब्लेडं (एका ब्लेडवर दहा-बारा कलमं, पुढे धार दाबते, कापत नाही), स्पिरिट, चीक पुसायला सुती फडकं, 150 ते 200 गेज प्लॅस्टिकच्या दोन सें.मी. रुंद, फूटभर लांब पट्ट्या आणि टोप्यांसाठी पेप्सीच्या रिकाम्या लांब पिशव्या. पट्ट्या आदल्या रात्रीच कापून ठेवा. बांधताना एका हातात जोड धरलेला असतो.

काड्या सकाळी कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला, त्याच दिवशी संपवा. कापण्याआधी चिंधी बघा. चिंधी नसलेली काडी घ्यायची नाही, कितीही छान दिसली तरी.

बांधणी. खुंट तांबूस पानांचा, देठ अजून कोवळा असतानाच. पानं हिरवी झाली, देठ कडक झाला की कोय कलमाची वेळ गेली; तो खुंट टाकू नका, पुढे त्याच्या नव्या, कोवळ्या फुटीवर कलम बांधता येतं, त्याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. कोयीपासून साधारण आठ सें.मी. वर खुंट आडवा कापा, मधोमध चार सें.मी. खाली खाच द्या. काडीच्या बुडाला तेवढ्याच लांबीची दोन्हीकडून पाचर, एका ओढीत, खरवडत नाही. कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही. पाचर खाचेत सरकवा. जाडी जुळत नसेल तर मध्यावर बसवू नका, एका बाजूची साल सालीला भिडवा. पट्टी खालून वर, कौलं चढतात तशी, घट्ट. वरून खाली बांधली तर पावसाचं पाणी जोडात उतरतं. मग टोपी घाला, जोडाच्या खाली सैल बांधा. आणि हे सगळं करताना कोय हलवू नका. खुंटाला आता एकही पान नाही, जोड धरेपर्यंत तो कोयीतल्या दळावर जगतो. कोय निखळली की कलम गेलं.

पिशव्या सावलीत ठेवा, 50 टक्क्यांची शेडनेट पुरते. टोपीवर थेट ऊन पडलं तर आत काडी शिजते. पाणी साचू देऊ नका.

15 ते 20 दिवसांत डोळा फुटायला लागतो. फूट टोपीला टेकायच्या आत टोपी काढा, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. जोडाच्या खालून येणारी फूट रोज खुडा. ती रायवळाची, काडीचं जेवण तीच खाते. कोवळ्या पानांवर करप्याचे काळे ठिपके दिसले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम.

काजूलाही हीच काडीची गोष्ट लागू. बी पाण्यात बुडणारं, दिवसभर भिजवलेलं, देठाकडची बाजू वर करून लावा. खुंट दीड महिन्याचा झाला की वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या जातीची काडी बांधा, खुंटाची खालची दोन-चार पानं तशीच ठेवून. खुंटाची पानं ठेवायची, काडीची आठ-दहा दिवस आधी छाटायची. उलटं करू नका. कोकमाला आणखी एक अट: काडी मादी झाडाची आणि सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची. आडव्या फांदीची घेतली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं.

पुढचं थोडक्यात. अडीच-तीन महिन्यांनी पट्टी सोडा, नाहीतर गळफास बसतो. हळूहळू उन्हाची सवय. लागवड पुढच्या जूनमध्ये, जोड मातीच्या वर, काठीचा आधार. पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा, जीव कितीही वर-खाली झाला तरी.