गोड्या पाण्याच्या टाकीसाठी घरगुती अल्गी स्क्रबर: जोडणीआधीची तयारी

अल्गी स्क्रबर म्हणजे टाकीच्या वर डब्यात, उजेडात टांगलेली जाळी. पंपाने चढवलेलं टाकीचं पाणी पाइपच्या फटीतून तिच्यावर पडत राहतं आणि तिच्यावर वाढणारं शेवाळ पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषून घेतं. स्क्रबर केवढा हवा, हे टाकीच्या लिटरवरून ठरवू नका. टाकीत रोज किती खाणं पडतं, त्यावरून ठरवा. नायट्रेट आणि फॉस्फेट मुख्यतः माशांच्या खाण्यातूनच येतं आणि जाळीवरचं शेवाळ त्यावरच वाढतं. म्हणून खरेदीच्या आधी आठवडाभर रोजचं खाणं वहीत मांडा. फ्रोझन खाण्याचा एक क्यूब म्हणजे साधारण दहा चिमटी फ्लेक. रोजच्या एका क्यूबला दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी १२ चौरस इंच जाळी धरायची. तीन फुटी टाकीत (३ × १.५ × १.५ फूट, प्रत्यक्ष पाणी १६०-१७० लिटर) रोज दोन क्यूबांपर्यंत खाणं जात असेल, तर ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच जाळी पुरते. ऑस्कर किंवा गोल्डफिश पाळणाऱ्यांचा आकडा याहून बराच वर जातो. तिथे जाळी वाढवा, अंदाज कमी करू नका. भरगच्च झाडं लावून त्यांच्यासाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल, तर मात्र स्क्रबर लावूच नका. पडतं पाणी सीओटू हवेत घालवतं आणि शेवाळ झाडांच्याच वाट्याचं खातं.

सगळ्यात जास्त वेळ जाळीला द्या. भरतकामासाठी मिळणारी प्लास्टिक कॅनव्हासची जाळी घ्या, इंचाला सात भोकांची. नाशिकमध्ये रविवार कारंजा, मेन रोड भागात लोकर-भरतकामाच्या दुकानांत विचारा. नर्सरीची शेडनेट चालत नाही; ती मऊ असते, झोल पडतो आणि पाणी एका रेघेत उतरतं. खिडकीची मच्छरजाळीही नको, तिची भोकं चटकन बुजतात. कॅनव्हास कापला की हॅक्सॉच्या ब्लेडने दोन्ही बाजू उभ्या-आडव्या खरवडा. नुसत्या पॉलिश पेपरने भागत नाही. कापसाचा बोळा जाळीवरून ओढून बघा: तंतू जागोजागी अडकले, तर जाळी तयार, बोळा सरळ निघून आला, तर अजून खरवडा. गोड्या पाण्यातलं शेवाळ लांब केसांसारखं वाढतं आणि त्याची पकड कमजोर असते. गुळगुळीत जाळीवर ते चांगलं वाढतं आणि एका रात्रीत सगळं सुटून खाली पडतं.

पाइप अर्धा इंची यूपीव्हीसीचा, फूटभर पुरे. सोबत एक एल्बो आणि एक एंड कॅप. पाइप टेबलावर ठेवून मार्करने सरळ रेघ मारा आणि ३ मिमी रुंदीची फट पाडा. हॅक्सॉची दोन-तीन ब्लेडं टेपने एकत्र बांधली की हे काम नीट होतं. फट जाळीपेक्षा दोन्ही टोकांना थोडी जास्त ठेवा आणि कापताना आत राहिलेले खरखरीत बुरे काढून टाका, नाहीतर पाणी तिथे फाटतं. एंड कॅपला सॉल्व्हंट लावू नका, ती साफसफाईसाठी निघाली पाहिजे. फटीवर उजेड पडला, तर शेवाळ फटीतच वाढून तोंड बंद करतं, म्हणून वरून काळ्या प्लास्टिकची पट्टी हवीच. जाळी पाइपला दोन केबल टायने बांधा.

पंपापासून पाइपपर्यंतच्या नळीसाठी नाशिकसारखी सोय नाही: ठिबकच्या कुठल्याही दुकानात १६ मिमीची काळी लॅटरल आणि तिचा कॉक मिळतो. पारदर्शक नळीत आतून शेवाळ धरतं, काळ्या नळीत धरत नाही. टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं की पंपाच्या तोंडावर बसतं. नळी नवीच घ्या. द्राक्षबागेतून काढलेल्या नळीत खतं-औषधांचा अंश असतो, तो माशांना घातक ठरतो.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे १३० लिटर लागतं, म्हणजे ४ इंचांना ५२०-५३०. त्यासाठी ताशी १००० लिटरचा पंप आणा. बादलीने मोजा: जाळीच्या उंचीवर नळीचं तोंड धरून १० लिटरची बादली साधारण ७० सेकंदांत भरली पाहिजे.

डबा पारदर्शक, ९-१० इंच खोल घ्या. असे डबे बहुधा पॉलीप्रॉपिलीनचे असतात आणि त्याला सिलिकॉन चिकटत नाही. म्हणून पाणी टाकीत परत उतरायला रबरी वॉशरसह टँक निपल (भोकात आवळून बसवायचं पाइपचं तोंड) बसवा. एक इंची निपल तळापासून ३ सेंटीमीटरवर, दुसरं त्याच्या वर २ सेंटीमीटर, आणीबाणीसाठी. पहिल्यावर मोठ्या भोकांची गाळणी लावा, दुसरं मोकळं सोडा. जाळीचं खालचं टोक साठलेल्या पाण्यात सेंटीमीटरभर बुडलेलं ठेवा, आवाज आणि शिंतोडे दोन्ही कमी होतात. डबा दोन अ‍ॅल्युमिनियम अँगलवर, टाकीच्या बरोबर वरच बसवा. शेवाळाने तोंड बंद करून पाणी ओसंडलं, तरी ते टाकीत पडेल, लादीवर नाही.

दिवे ९ वॅटचे दोन, वॉर्म व्हाइट एलईडी. डब्याच्या बाहेर, दोन्ही बाजूंना एकेक, जाळीपासून ३-४ इंचांवर. बाकीचा डबा काळ्या कागदाने झाका, नाहीतर टाकीच्या काचांवरही शेवाळ येतं. टायमर फक्त दिव्यांना. पंप चोवीस तास. सुरुवातीला ९ तास उजेड, जाळी हिरवी झाल्यावर हळूहळू १८ पर्यंत. वायरला प्लगच्या खाली झोल सोडा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) सुरू करू नका. पाणी आणि वीज इतकी जवळ असताना इथे तडजोड नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे भर घालायच्या पाण्यासाठी अँटिक्लोरीन हाताशी ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पडतं पाणी भराभर उडतं, टाकीची पातळी रोज बघा. लाइट गेली, तर त्या दिवसांत जाळी लवकर सुकते. स्प्रेच्या बाटलीत टाकीचंच पाणी भरून ठेवा. थंडीत हेच पडतं पाणी टाकी गार करतं, हिटरची क्षमता आधीच तपासा.

सुरू करताना काचेवरचं थोडं शेवाळ जाळीवर चोळा. आधी तपकिरी साय येते, मग हिरवं. काळपट चिकट थर म्हणजे खाण्याच्या मानाने उजेड कमी. पिवळट रबरासारखा थर म्हणजे उजेड जास्त, मग तास कमी करा. पहिले दोन-तीन आठवडे फिल्टरला हात लावू नका आणि नायट्रेटची नोंद ठेवा. नंतर दर ७ ते १४ दिवसांनी जाळी काढून, टाकीच्या पाण्याच्या बादलीत जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. पातळ हिरवा थर राहू द्या, पुढची वाढ त्यातूनच होते. बारीक गोगलगायी दिसल्या, तर तेव्हाच वेचा, त्या कोवळं शेवाळ फस्त करतात. तांब्याचं औषध द्यायची वेळ आली, तर आजारी मासा वेगळ्या टाकीत घ्या; स्क्रबर लावलेल्या टाकीत ते औषध किंवा अल्गीसाइड (शेवाळनाशक) टाकलं की जाळी मरते आणि कुजून सगळं पाण्यात परत सोडते.