टेक्सासमधलं विधेयक खरंच कुठवर पोचलंय?

गर्भपात, शाळेतलं धर्मशिक्षण, ग्रंथालयातली पुस्तकं. टेक्सासमध्ये अशा विषयांवर 'कायदा झाला हो!' अशी आवई व्हॉट्सअ‍ॅपवर उठली की आधी विधेयकाचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर विषय तिथेच सोडा. असेल, तर तो 'टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन' या सरकारी साइटवर टाका. तिथे फुकट खातं उघडून विधेयक यादीत टाकलं की पुढच्या हालचालीची ईमेल आपोआप येते.

बघायचं ते 'लास्ट अ‍ॅक्शन', म्हणजे विधेयकावरची शेवटची नोंद. 'लेफ्ट पेंडिंग इन कमिटी' (समितीतच पडून आहे) असं दिसलं, तर बहुतेक वेळा प्रकरण थंड्या बस्त्यात गेलं समजा. नियमित अधिवेशन विषम वर्षीच भरतं, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. त्यात सुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

मंजूर झालेल्या विधेयकाचा मजकूर वाचायचा तर 'एन्रोल्ड' प्रत, म्हणजे दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली अंतिम प्रत उघडा. पहिल्या मसुद्यावरून भांडणं करण्यात अर्थ नाही, वाटेत दुरुस्त्या झालेल्या असतात.

आणि गव्हर्नरची सही म्हणजे सगळं संपलं असंही नाही. सरकारी शाळांच्या वर्गांत बायबलमधल्या दहा आज्ञा लावायला सांगणारं सिनेट बिल १० घ्या. २०२५ च्या जूनमध्ये सही झाली, १ सप्टेंबरपासून लागू व्हायचं होतं. पण ऑगस्टमध्येच फेडरल न्यायालयाने काही स्कूल डिस्ट्रिक्टपुरतं (सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग) ते रोखलं. असल्या घडामोडी विधिमंडळाच्या साइटवर शोधू नका, त्यासाठी कोर्टाच्या बातम्या आणि तुमच्या डिस्ट्रिक्टची पत्रकंच बघावी लागतात.