सायलोत पाणी मारायचं नाही

वीजकेंद्रातलं आमचं युनिट लाकडी पेलेटवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर, गेलं, तोवर कोळशावर माझी नऊ वर्षं झाली होती. बदलत्या प्लांटमध्ये रुजू होणाऱ्यांना मी आधी एकच सांगतो: पेलेटच्या सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच बंद टाकीत, वरून पाणी मारायचं नाही.

मी मारणार होतो. रात्रपाळीत सायलोतला सीओ, म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू, चढत होता आणि थर्मोकपलचे, म्हणजे आतलं तापमान मोजणाऱ्या तारांचे, आकडे सगळे जागच्या जागी. सीओचा मीटर बिघडलाय असं धरून मी दोन तास वाया घालवले. पेलेटच्या ढिगातून उष्णता फार सावकाश सरकते. मीटरभर पलीकडे धुमसत असलं तरी थर्मोकपलला पत्ता नसतो, सीओ मात्र वरपर्यंत येतो. ताज्या पेलेटमधूनही तो सुटतोच, म्हणून नुसता आकडा बघू नका, चढ बघा.

जळका वास आला तसा मी होज उचलला. कोळशाच्या बंकरला आम्ही तेच करायचो. जोडीदाराने मनगट धरलं म्हणून वाचलो. पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. पाणी लागलं की फुगतो, घट्ट बसतो, खालून माल निघत नाही आणि विस्तव आतच राहतो. झाकण उघडलंत तर त्याला हवा मिळते. सगळी तोंडं बंद करून खालून नायट्रोजन सोडायचा, तेच आम्ही केलं. आणि आत डोकावायचंही नाही. तिथे सीओ भरलेला असतो, ऑक्सिजन उतरलेला असतो. माणूस ओरडायच्या आत कोसळतो.

इंधन दळून बॉयलरला देणाऱ्या मिलचंही तसंच, कोळशाची सवय चालत नाही. दगडी कोळशात ज्वलनशील वायुरूप भाग साधारण 30 टक्के, लाकडात 75च्या वर. कोळशाच्या सवयीने गरम हवा सोडलीत तर मिलमध्येच पेट घेईल.

चार दिवसांच्या प्रमाणपत्रांवर माझा विश्वास नाही. गुरू करायचा तर ज्याने सायलो रिकामा करताना फावडं मारलंय असा करा, मग तो हुद्द्याने खालचा का असेना.

घाबरू मात्र नका. वाफ, टर्बाइन, जनरेटर तेच आहेत. ब्रिटनच्या ड्रॅक्स वीजकेंद्रात सहापैकी चार युनिट कोळशावरून बायोमासवर, म्हणजे लाकडी पेलेटवर, आणली, टर्बाइन हॉल तोच. बॉयलरचं शिकलेलं फुकट जात नाही. पहिल्या आठवड्यात फक्त नायट्रोजनचे व्हॉल्व्ह स्वतः चालत जाऊन शोधा, अंधारातही सापडतील इतके.