माळा भरला? पितृपक्षात घर हलके करण्याची रीत

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की मखर, चौरंग आणि दिव्यांच्या तोरणांचा गुंता परत माळ्यावर चढवायचा असतो, आणि नेमके तेव्हाच कळते की वर जागा नाही. मागच्या वर्षी जिथे हे सगळे मावले होते तिथे आता जुना मिक्सर, टीव्हीचे रिकामे खोके आणि कुणाच्या तरी लग्नातली आहेराची परात बसलेली असते. घर हलके करायला याहून चांगला मुहूर्त नाही. शिडी बाहेर आहे, माळा उघडा आहे आणि पुढचा पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत बहुतेक घरांत नवी खरेदी होत नाही, त्यामुळे एका दाराने काढायचे आणि दुसऱ्या दाराने आणायचे हा प्रकार आपोआप थांबतो. घटस्थापनेआधी घर झाडायचेच असते. तीच शेवटची तारीख धरा.

तुमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली असेल तर तारीख बिल्डर ठरवेल. पुण्यात कोथरूडच्या ऐसपैस फ्लॅटमधून दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या वन बीएचकेत जायचे असेल तरीही रीत हीच. फक्त भर पावसात हे काम काढू नका, कागद आणि गाद्या सर्द होतात.

पहिल्या दिवशी फक्त टेप

पहिल्या दिवशी एकही वस्तू हलवायची नाही. मोजायचा टेप घ्या आणि घरातली (किंवा जिथे जायचे आहे तिथली) प्रत्येक फळी, कपाट, दिवाणाचा खण मोजून कागदावर लिहा. मग वाटणी करा: पुस्तकांना बारा फूट फळी, भांड्यांना ओट्याखालचे तीन खण, माणशी एक कपाट, माळ्याचा अर्धा भाग सणांच्या सामानाला. वस्तू पाहण्याआधी ही वाटणी झाली पाहिजे. एकदा वस्तू हातात घेतली की प्रत्येकीची बाजू मांडणारा कुणीतरी घरात निघतोच.

एक हिशेबही मांडा. समजा तुमच्या भागात चौरस फुटाला १०,००० रुपये भाव आहे. तीन फूट बाय दोन फुटांचे कपाट सहा चौरस फूट, म्हणजे ६०,००० रुपयांची जमीन अडवून उभे आहे. आत काय आहे? जुन्या चादरी आणि बंद पडलेला व्हीसीआर. पुणेकराला हा हिशेब बाकी कुठल्याही उपदेशापेक्षा लवकर पटतो.

झाकणाचे प्लास्टिकचे मोठे डबे इतक्यात आणू नका. जागा नाही म्हणून डबे आणले की डबे ठेवायलाही जागा लागते.

दुसऱ्या दिवशी वाटा ठरवा

वस्तू घरात साठतात त्या मोहापेक्षा जास्त वाट ठाऊक नसल्यामुळे. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी गॅलरीत वर्षानुवर्षे पडून असते, ती कुणाला प्रिय असते म्हणून नव्हे. तिचे काय करायचे हे कुणी ठरवलेले नसते म्हणून. म्हणून आवराआवरीला हात घालण्याआधी कोणती वस्तू कुणाकडे आणि कोणत्या वारी जाईल याची यादी करून फ्रिजवर लावा.

दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताई-दादांपासून सुरुवात करा. पुण्यात ते बहुतेक ठिकाणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद असतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेसोबत काम करते आहे. सुका कचरा विकून येणारा पैसा त्यांच्या कमाईचा भाग असतो, तेव्हा बरण्या, पुठ्ठे, डबे त्यांना धुऊन, कोरडे करून द्या. एका सकाळी दहा पोती समोर ठेवू नका. आदल्या दिवशी सांगा आणि थोडे थोडे द्या. जुने कपडे, सामान आणि ई-कचऱ्यासाठी ‘स्वच्छ’चा व्ही-कलेक्ट नावाचा उपक्रमही आहे, त्याची चौकशी त्यांच्याकडेच करता येते.

बाकी वाटा घरोघरी ठाऊक आहेत: रद्दीवाला, भंगारवाला, बोहारीण, भांड्यांची मोड घेणारे दुकानदार. बुधवार-रविवारचा जुना बाजार मात्र या यादीत धरू नका. तिथे आपण हिंडायला जावे. घरचा एक पंखा घेऊन विकायला जाण्यात रिक्षाचे पैसेही सुटणार नाहीत.

आधी दुसऱ्यांचे सामान

पुण्यातल्या कितीतरी घरांचा अर्धा माळा बंगळूरला किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मुलांचा असतो. इंजिनिअरिंगचा ड्राफ्टर, जर्नल्सचे गठ्ठे, जीआरईची जाडजूड पुस्तके, तुटलेल्या तारांची गिटार. हे आधी काढा, कारण यात तुमचे मन अडकलेले नसते. मुलांना ‘काय करू?’ असे विचारू नका, उत्तर ‘राहू दे ना’ असेच येते. रविवारी व्हिडिओ कॉल लावा, एकेक वस्तू दाखवा आणि म्हणा, ‘डिसेंबरात येशील तेव्हा नेणार असशील तर ठेवते, नाहीतर परवा रद्दीवाला येतोय.’ प्रत्येक मुलामागे एक खोके, त्यावर नाव. ड्राफ्टर कॉलेजला जाणाऱ्या शेजारच्या मुलाला विचारून पाहा.

भांडी: लोहचुंबक आणि कान

मराठी घरात सर्वांत जड आणि सर्वांत अवघड गठ्ठा भांड्यांचा. दोन लग्नांचे आहेर, एक रुखवत, डोहाळजेवणे, मुंजी, आणि प्रत्येक तांब्यावर कोरलेले नाव आणि तारीख. नाव घातलेले भांडे मोडीत द्यायला हात धजत नाही. त्या अक्षरांचा नीट फोटो काढा, एक-दोन भांडी वापरात ठेवा आणि बाकीची जाऊ द्या. मोड वजनावर होते, नावामुळे भाव कमी होत नाही.

देण्याआधी धातू वेगळे करा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. कथील महाग, म्हणून काशाचा भाव पितळेपेक्षा वरचढ असतो. दोन्ही पिवळसर दिसतात, पण काशाची वाटी बोटावर तोलून टिचकी मारली तर नाद लांबतो, पितळेचा लगेच विरतो. स्टीलला लोहचुंबक लावून पाहा. ज्याला तो चिकटत नाही त्या स्टीलमध्ये सहसा निकेल असते आणि त्याला मोडीत जास्त मिळते. भंगारवाल्याच्या खिशात लोहचुंबक असतोच, तुमच्याही असू द्या. तांबे, पितळ, कासे एकाच पोत्यात भरून दिलेत तर सगळ्याला सर्वांत कमी भाव लागेल. मोड करायची तर तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत दोन दुकानांत विचारा, आणि बदल्यात नवी भांडी न घेता रोख मागा. नाहीतर जेवढे दिले त्याच्या अर्धे परत घरी येईल.

किती ठेवायचे? घरची चार माणसे आणि दिवाळीला जास्तीत जास्त बारा पाहुणे, म्हणजे सोळा ताटे. पन्नास माणसांचे पातेले आता केटरर आणतो. ते सोसायटीच्या गणपतीला देऊन टाका, लागलेच तर मागून आणता येते. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र हे वर्षातून एकदा लागले तरी राहू द्यावे. जाते आणि पाटा-वरवंटा यांचा विचार एका घरापुरता करू नका. लग्नकार्यात घाणा भरायला जाते लागते, पण सगळ्या भावंडांत मिळून एक पुरते. ज्याचे घर तळमजल्यावर, त्याच्याकडे ते जावे.

नक्षीचा अडकित्ता, झुलता दिवा, जुनी फणीपेटी अशी खरोखर वेगळी वस्तू निघाली तर ती मोडीत घालण्याआधी बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पाहून या. रोजच्या वापरातल्या वस्तूंचाच तो संग्रह आहे. तुमचा अडकित्ता ते घेतीलच असे नाही, पण आपल्या हातात काय आहे हे तरी कळेल.

कपडे

बोहारणीला चांगल्या स्थितीतल्या साड्या आणि पँटी हव्या असतात. फाटके तिला नको आणि दान म्हणूनही कुणाला नको. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी होते, पुण्यात गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. सहा साड्यांच्या दोन गोधड्या झाल्या की कपाटाचा एक खण सुटतो. जरीच्या जुन्या साड्या मात्र बोहारणीच्या टोपलीत घालू नका. आजीच्या काळातली जर बरेचदा चांदीची असते आणि ती साडी वेगळ्या भावाने घेणारे व्यापारी आहेत. सत्कारात मिळालेल्या शालींबद्दल एकच सांगतो: घडी न मोडता पुढच्या सत्काराला द्या, सगळे तेच करतात.

कागद घाईने काढू नयेत

इथे रद्दीवाल्याला थांबवा. कागदांसाठी दोन पूर्ण दुपारी ठेवा आणि चष्मा लावून बसा, कारण पैसे असतात ते इथेच.

घराचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराच्या पावत्या, गावच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार कायमचे ठेवायचे. रीडेव्हलपमेंटवाल्यांना तर हे रोज लागतील. प्राप्तिकराचे कागद आठ-दहा वर्षांचे ठेवा. वीजबिले, फोनबिले, संपलेल्या वॉरंटीची कार्डे गेली तरी चालतात. आधार-पॅनच्या झेरॉक्स हाताने फाडून, पाण्यात भिजवून मग टाका.

वडिलांच्या फायलीत कागदी शेअर निघाले तर ते जुने म्हणून फेकू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा करावे लागतात, पण त्यांची किंमत संपलेली नाही. सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात आणि वारसाला अर्ज करून परत मागता येतात. बँकेतली ठेव दहा वर्षे कुणी विचारली नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. अशा ठेवी नावावरून शोधायला रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ २०२३ पासून आहे. म्हणजे जुने पासबुक सापडले की आधी तिथे नाव घालून पाहायचे. किसान विकास पत्र, राष्ट्रीय बचत पत्र निघाले तर पोस्टात चौकशी करा.

मोडी लिपीतले कागद, वंशावळी, सनदा किंवा पोथ्या निघाल्या तर रद्दीच्या काट्याजवळही नेऊ नका. १९१० मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापलेल्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन दाखवा.

पुस्तके

ठरलेल्या बारा फुटांत बसतील तेवढी ठेवा. पाठ्यपुस्तके बिनधास्त जाऊ द्या, बालभारतीची पुस्तके आता ऑनलाइन मिळतात. अभ्यासक्रमाची पुस्तके अप्पा बळवंत चौकात विचारून पाहा. पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालय यांच्याकडे जायचे तर पुस्तकांची यादी घेऊन जा, पोती घेऊन नको. ग्रंथालयालाही जागा लागते. दिवाळी अंकांचे पूर्ण संच जमवणारे लोक असतात, सुटे अंक मात्र रद्दीच.

फर्निचर, यंत्रे

सागवानी पलंग, कपाट असेल तर सुताराला दाखवा, त्या लाकडाचे दुसरे काही होते. प्लायवूडला किंमत नाही, नेणारा भेटला तर आनंद माना. कामाला येणाऱ्या मावशींना हवे का ते जरूर विचारा, पण आपल्याला नको म्हणून त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत मोडका सोफा ढकलू नका. दिलेत तर टेम्पोचे भाडेही तुम्हीच द्या. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार नवीच्या किमतीत वळती करतो. मोबाइल, लॅपटॉप देण्याआधी खात्यातून बाहेर पडा, रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. ई-कचरा भंगारवाल्याला देऊ नये, तो नोंदणीकृत केंद्राकडे किंवा वर सांगितलेल्या व्ही-कलेक्टकडेच जावा.

देव

देवांच्या फ्रेम आणि भंगलेल्या मूर्ती पिंपळाखाली नेऊन ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. पाऊस लागून तिथे त्यांची जी दशा होते ती पाहवत नाही. फ्रेममधली काच आणि लाकूड वेगळे करा, कागदी चित्र भिजवून त्याचा लगदा कुंडीतल्या मातीत मिसळा. धातूचे टाक भावंडांत विचारून एका घरी एकत्र करा किंवा सोनाराकडे द्या. मातीची मूर्ती बादलीत विरघळते.

घरात आजी-आजोबा असतील तर

त्यांच्या ट्रंकेला त्यांच्यामागे हात लावायचा नाही. ‘हे टाकू का?’ या प्रश्नाला ‘नको’ हेच उत्तर येणार. ‘हे कुणाला द्यायचे?’ असे विचारा. आजी स्वतःच सांगते, हा कुंकवाचा करंडा धाकट्या नातीला, ही पैठणी नंदेच्या सुनेला. माणूस ठरले की वस्तू निघते. ती त्याच आठवड्यात पोचवा, नाहीतर पुढच्या पितृपक्षात तीच पिशवी पुन्हा निघेल.

शेवटी काही वस्तूंचे ठरणारच नाही. त्यांना एकच खोके द्या. बंद करण्याआधी आतल्या सामानाचा फोटो काढा, दोरीने बांधा, बाहेर तारीख लिहा आणि गुढीपाडव्यापर्यंत ठेवा. तोवर दोरी सुटली नाही तर खोके न उघडता द्या, कारण उघडले की पुन्हा तासभर बसाल.